चाइव्जची चव आणि आमची फजिती

आमच्या घरात एक काळ असा होता, की 'बाबा म्हणाले' एवढे सांगितले की वाद मिटत असे. तो काळ संपला. संपवला एका भाजीने. भाजी तरी कसली, चिमूटभर हिरवे गवत. इंग्रजीत त्याला चाइव्ज म्हणतात. आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी ते भाजलेल्या बटाट्यावर, सावर क्रीमच्या शेजारी पाहिले असेल. पालकांनी 'कांद्याची पात दिसतेय' असे म्हणून खाऊन टाकले असेल. आम्हीही तेच करत होतो.

आमच्याकडे चाइव्ज आले ते शेजारच्या आजींकडून. मिनेसोटात घर घेतले त्या पहिल्याच मे महिन्यात कुंपणापलीकडच्या, ऐंशी ओलांडलेल्या आजी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मातीचा एक गड्डा घेऊन आल्या. मातीतून हिरव्या सुया वर आल्यासारखे दिसत होते. "स्वयंपाकघराच्या दारापाशी लावा. मारू म्हटलं तरी हे मरत नाही," असे सांगून त्या गेल्या. या देशात आल्यापासून आमच्या हातून तीन तुळशी, दोन कढीपत्ते आणि एक मोगरा गेलेला असल्याने आम्हाला त्यांच्या बोलण्याचा फारसा भरवसा वाटला नाही.

पण आजींचे खरे ठरले. नोव्हेंबरात ती पात पिवळी पडून जमिनीवर आडवी झाली. मग पाच महिने बर्फाखाली. आम्ही मनातल्या मनात तिला तुळशींच्या यादीत टाकले. एप्रिलमध्ये, ड्राइव्हवेच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग अजून तसेच असताना, त्याच जागी पुन्हा हिरवी टोके! अंगणातले पहिले हिरवे तेच. बघता बघता ती वीतभर उंच झाली. विणायच्या सुईसारखी बारीक, आतून पोकळ. जूनच्या सुमारास तिला जांभळट गुलाबी फुलांचे गेंद आले आणि त्यांच्यावर मधमाश्यांची गर्दी. कात्रीने जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापावी, की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तयार, कारण या पानांची वाढ टोकाकडून होत नाही, बुडाकडून होते. कापले तरी कारखाना खाली शाबूत असतो.

आता मुख्य गुन्हा.

कन्या तेव्हा पाचवीत होती. रात्री भाजलेले बटाटे केले होते. तिने अंगणातून चाइव्ज कापून आणले, कात्रीने बारीक करून वर पेरले आणि विचारले, "बाबा, चाइव्ज हा शब्द कुठून आला?" आमच्या मांडीवर लॅपटॉप होता, ऑफिसातला कोणता तरी प्रोग्रॅम तिसऱ्यांदा कोसळला होता. आम्ही मान वर न करता सांगून टाकले, "सोपं आहे. चव! चव वाढवते म्हणून चव, त्याचं इंग्रजांनी केलं चाइव्ह."

सौभाग्यवतींनी चष्म्यावरून पाहिले. "उगाच काहीही सांगू नकोस तिला."

आता एकदा बोलून गेल्यावर माघार कशी घ्यायची? आम्ही पुरावे दिले. इंग्रज आपल्याकडे दीडशे-दोनशे वर्षे होते. जंगल त्यांनी नेले, लूट नेली, शांपूसुद्धा आपल्या 'चांपो'वरून केला. हे तिन्ही शब्द खरेच हिंदुस्तानातून गेलेले आहेत. अर्धवट खऱ्यात गुंडाळून खोटे दिले की ते चांगले पचते, हे आम्हाला त्या वेळी सुचले नाही, पण आम्ही केले तेच. कन्येचे डोळे चमकले. आपली मराठी इंग्रजीत बसली आहे, ती रोज बटाट्यावर पेरली जाते, याचा तिला केवढा आनंद झाला! तो आनंद पाहून आम्हालाही ते खरेच वाटू लागले.

दोन आठवड्यांनी तिच्या शाळेत प्रत्येकाने एका शब्दाचा इतिहास सांगायचा होता. तिने आम्हाला न विचारता चाइव्ज निवडला. मोठ्या कागदावर देवनागरीत 'चव' लिहिले, शेजारी जांभळे फूल काढले आणि वर्गापुढे उभे राहून सांगितले, की हा शब्द माझ्या भाषेतला आहे. शिक्षकांनी सौम्यपणे विचारले, ही माहिती कुठे मिळाली? ती म्हणाली, "माझ्या बाबांकडून. ते इंजिनियर आहेत." शिक्षकांनी तिच्याबरोबर शब्दकोश उघडला. त्यात चव नव्हती. मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

त्या दिवशी ती घरी येऊन काही बोलली नाही. जेवताना बटाटा नको म्हणाली. झोपायच्या वेळी मात्र तिने विचारले, "बाबा, तुला ते माहीत होतं, की तू तसंच म्हणालास?"

वाचकहो, ऑफिसात आमच्या हातून मोठमोठ्या चुका झाल्या आहेत, त्यांचे खुलासे आम्ही वीस-वीस माणसांसमोर केले आहेत. या प्रश्नाला आम्हाला खुलासा सापडेना. "तसंच म्हणालो," आम्ही म्हणालो. ती भिंतीकडे वळून झोपली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही वाचनालयातून व्युत्पत्तीचे दोन जाड कोश आणले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले. ती आधी लांबूनच बघत होती. मग खुर्ची ओढून बसली. जे सापडले ते इथे सांगतो, कारण ते आमच्या थापेपेक्षा कितीतरी मजेदार निघाले.

रोमन लोक कांद्याला 'केपा' म्हणत. पुढे त्यातला 'क' मऊ झाला, कुठे 'स', कुठे 'च'. कांद्याच्या शास्त्रीय नावात, 'ऍलियम सेपा'मध्ये, तो शब्द अजून बसलेला आहे. ऍलियम म्हणजे लॅटिनमध्ये लसूण, तेव्हा कांद्याचे शास्त्रीय नाव झाले 'लसूण कांदा'. आमच्या सौभाग्यवतींच्या मते ही कोणत्याही फोडणीची सुरुवात आहे. याच केपाच्या 'धाकटा कांदा' अशा अर्थाच्या रूपावरून स्पॅनिशमधला सेबोया आला, इटालियनमधला चिपोल्ला आला, आणि ओळखू येणार नाही इतके तोंड वाकडे करून जर्मनमधला त्स्वीबेलसुद्धा आला.

फ्रान्समध्ये या शब्दातल्या 'प'चा 'व' झाला आणि 'सीव' उरला. इथे आम्ही थांबलो, कारण ही खोड ओळखीची वाटली. आपल्याकडे दीपचा दिवा झाला, कपाटचे कवाड झाले, दीपावलीची दिवाळी झाली. दोन स्वरांच्या मधला 'प' जिभेला जड जातो, आणि सेन नदीच्या काठची जीभ काय, गोदावरीच्या काठची काय, त्याला सारखीच वळवते. कन्येने वहीत दोन रकाने करून ही जोड्यांची यादी लिहिली. इतक्या दिवसांत तिने आमच्याकडे पाहून हसायची ती पहिलीच वेळ.

मग 'सीव'चा 'च' कसा झाला? उत्तर फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या बाजूला, अशा ठिकाणी लोक 'स'ऐवजी 'च' म्हणत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. राज्य नॉर्मनांचे झाले आणि त्यांच्या मुदपाकखान्यातले शब्दही इंग्रजीत शिरले. चेरी हा शब्द असाच आला. फ्रेंचमध्ये तिला आजही सरीझ म्हणतात, नॉर्मन म्हणत चेरीझ. इंग्रजांना शेवटचा 'झ' ऐकून ते अनेकवचन वाटले, म्हणून एका फळाला त्यांनी चेरी केले! चाइव्जची गंमत याच्या उलट आहे. एकच पात कोणी खात नाही, म्हणून त्याचे अनेकवचनच सगळ्यांच्या तोंडी बसले. तर 'सीव'चा झाला 'चीव', आणि पुढे पंधराव्या शतकापासून इंग्रजीतला दीर्घ 'ई' हळूहळू 'आइ' होत गेला तेव्हा, 'टीम'चा टाइम झाला तसाच, 'चीव'चा चाइव्ह.

थोडक्यात, चाइव्ज म्हणजे कांदे. चवीशी त्याचा संबंध फक्त जिभेवर. आमच्या धंद्यात नव्या मुलांना आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो, की दोन ठिकाणी नाव सारखे दिसले म्हणून ती वस्तू एकच असते असे समजू नका, मागे जाऊन ती कुठे तयार झाली ते बघा. घरी आलो की आम्ही हे शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर ठेवत असू.

सारख्या आवाजावरून अर्थ काढायची हौस काही आमच्यापासून सुरू झालेली नाही. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात लसणाला रसोन म्हटले आहे, म्हणजे रसाने ऊन, रसाने उणा, कारण सहा रसांपैकी आंबट तेवढा त्यात नाही. भाषाशास्त्रज्ञ मानोत न मानोत, निदान चाखून तरी बघितले होते त्यांनी. आम्ही तेवढेही केले नव्हते.

विश्वास मात्र एका रविवारात परत येत नाही. त्या हिवाळ्यात एकदा टीव्हीवर मुंगूस दिसले. आम्ही म्हणालो, "इंग्रजीतला मोंगूस आपल्या मुंगसावरूनच गेलाय, पोर्तुगिजांमार्फत." कन्या उठली, टेबलावरून कोश घेतला, पान काढले, बोट ठेवून वाचले आणि कोश मिटून म्हणाली, "ओके. हे खरं आहे." आम्ही खरे बोललो होतो आणि तरी तपासले गेलो होतो. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "बरं झालं." तेव्हापासून तो नियम झाला आहे. वाचनालयाचे कोश परत गेले, त्यांच्या जागी आम्ही स्वतःचा एक विकत घेतला, आणि तो अजून जेवणाच्या टेबलावरच असतो.

पुढच्या उन्हाळ्यात आई कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती मागच्या पायरीवर बसून त्या गड्ड्याकडे बघत होती. एक पान तोडले, चुरगळले, नाकाशी धरले. "कांद्याचीच जात आहे ही. बारीक आहे, पण कांदाच." कन्येने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की काही बोलायची सोय राहिली नाही. जे शोधायला आम्हाला दोन कोश लागले ते आजीने नाकाने सांगितले होते.

कात्रीने भाजी कापायची हे आईला मुळीच पटले नाही. "केस कापायच्या वस्तूनं?" पण विळी इथे नव्हती, आणि आमच्या बोथट सुरीने पात चेंगरून ओली होऊ लागली तेव्हा तिने कात्री घेतली. टोपलीभर पात कापून तिने झुणका केला. जिरे-मोहरीची फोडणी, हळद, तिखट, बेसन पेरून, दणदणीत वाफ. झुणका फक्कड झाला, पण त्यात पात कुठेच नव्हती. कांद्याच्या पातीला वाफेने जी गोडी येते ती हिला आली नाही, उलट होता तो वासही गेला. हा वास गंधकाच्या संयुगांचा. पान कापले की पेशी फुटतात, आतले एन्झाइम मोकळे होते आणि तो वास तयार होतो. कांदा कापताना डोळ्यांत पाणी येते ते याच घराण्याचे काम. पण चाइव्जमध्ये तो इतका नाजूक की आचेवर टिकत नाही. वाळवूनही फारसा उरत नाही.

आईने दोन घास खाल्ले आणि निकाल दिला, "हिला शिजवायचीच नाही. कोथिंबिरीसारखी वरून घालायची." फ्रेंच आचाऱ्यांचा नियम हाच आहे. पार्सली, टॅरागॉन, चर्व्हिल आणि चाइव्ज अशा चार नाजूक पाल्यांची त्यांची ठरलेली चौकडी असते, ऑम्लेटात घालतात ती, आणि ती शेवटी पडते. त्यानंतर आमच्याकडे दहीभातावर चाइव्ज आले, उकडलेल्या बटाट्याच्या कोशिंबिरीत आले, गरम थालीपिठावर लोण्याच्या गोळ्याभोवती आले. पोह्यांवर आले तेव्हा आम्ही विरोध केला. आमचे मत आहे की पोह्यांवर कोथिंबीरच हवी, पण ते घरात कोणी विचारात घेतले नाही.

थालिपिठाची एक ताटली कुंपणापलीकडे गेली. शेजारच्या आजींनी वरची हिरवी पेरणी पाहिली आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "ग्रेसलोक!"

आजींचे आजोबा स्वीडनहून आलेले. मिनेसोटात स्वीडिश माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारोंनी आली, आणि आमच्या गल्लीतली निम्मी आडनावे अजून त्याची साक्ष देतात. स्वीडिशमध्ये चाइव्जला ग्रेसलोक म्हणतात. ग्रेस म्हणजे गवत, लोक म्हणजे कांदा. त्यांच्याकडे जूनमधल्या मिडसमर सणाला नवे बटाटे, हेरिंग मासा, आंबट साय आणि वर ग्रेसलोक हवाच. (आमच्या कन्येने रात्री कोश काढलाच. जर्मन त्याला 'कापायची पात' म्हणतात. डच 'लव्हाळ्याची पात' म्हणतात, आणि १७५३ मध्ये लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावातल्या 'शीनोप्रासम'चाही ग्रीकमध्ये अर्थ तोच, लव्हाळा-लीक. इंग्रजीतला गार्लिक म्हणजे भाल्याची पात. प्रत्येकाने पान बघून नाव ठेवले.)

कन्येने शेजारच्या आजींना विचारले, अजून कोणते स्वीडिश शब्द येतात? आजी बोटांवर मोजू लागल्या. बटाटा, कॉफी, लोणी, मासा, धन्यवाद, ग्रेसलोक. अर्थ माहीत नसलेले चर्चमधले एक गाणे. आजोबा घरात स्वीडिशच बोलत, त्या म्हणाल्या, आईला सगळे समजायचे पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि माझ्यापर्यंत आला तो एवढा ताटातला भाग. त्या हे हसत हसत सांगत होत्या. आई शेजारी उभी होती. तिला इंग्रजी कळत नाही, म्हणून कन्येने तिला ते मराठीत सांगितले. सांगता सांगता ती दोनदा अडली, 'ताटातला' ऐवजी 'ताटमधला' म्हणाली, पण सांगितले. त्या रात्री तिने आम्हाला विचारले, "बाबा, मला किती शब्द येतात?" आम्ही "खूप" असे म्हणणार होतो. मग कोशाकडे लक्ष गेले आणि म्हणालो, "मोजून बघू या."

ती यादी वहीत अजून चालू आहे. स्वयंपाकघरापासूनच सुरुवात केली. पहिल्याच पानावर चाइव्ज आले आणि समोरची जागा रिकामी राहिली. 'कांद्याची पात' लिहावे, तर ती वेगळी. ती कांद्याची पाने, हे स्वतंत्र झाड. एशियन दुकानात चपट्या पानांचे, लसणीच्या वासाचे चाइव्ज मिळतात तेही वेगळेच. रविवारी तिने हा प्रश्न आपल्या मराठी वर्गात नेला. बाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि वर्गात म्हणे फार आरडाओरडा झाला. एका गटाचे म्हणणे 'चाइव्जच म्हणा, बटाटा तरी कुठे आपला आहे?' हा मुद्दा बिनतोड होता, कारण बटाटा आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, नाव घेऊन. दुसऱ्या गटाला मराठी नाव हवेच होते.

तोडगा आईने काढला. तोवर ती कऱ्हाडला परत गेली होती. फोनवर सगळी हकिगत ऐकून म्हणाली, "अगं, तुझ्या त्या शेजारच्या आजी गवताचा कांदा म्हणतात ना? आपल्याकडे गवती चहा असतो. मग गवती कांदा का नसावा?"

कन्येने कोश उघडला नाही. हा शब्द त्यात नसणार हे तिला माहीत होते. पुढच्या रविवारी बाईंनी फळ्यावर 'गवती कांदा' लिहिले, आणि वहीतली ती रिकामी जागा भरली. ही बातमी तिने कुंपणावरून पलीकडेही दिली. शेजारच्या आजींना ते उच्चारायला तीन प्रयत्न लागले. 'ती'पाशी त्या अडखळत होत्या, 'कांदा' मात्र पहिल्या फटक्यात जमला.

यंदाही एप्रिलमध्ये तो वर आला आहे, आणि गड्डा आता परातीएवढा झाला आहे. असा झाला की दर तीन-चार वर्षांनी फोडून लावावा लागतो, नाहीतर मधली पात खुरटते. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तो फोडून वर्गाला घेऊन येणार आहोत. ज्यांना हवा असेल त्यांनी येताना एक रिकामी कुंडी आणावी. ऊन हवे, पाणी बेताचे, आणि हिवाळ्यात तो मेला असे समजून उपटू नये. घरी मांजर किंवा कुत्रे असेल तर त्यांच्या तोंडाला लागणार नाही असा लावावा, कारण कांद्याची सगळीच जात त्यांना विषारी असते. चिठ्ठ्या कन्येने लिहून ठेवल्या आहेत, एका बाजूला 'गवती कांदा', दुसऱ्या बाजूला 'ग्रेसलोक'. 'चव' लिहिलेली एकच आहे, ती आमच्या कुंडीसाठी.